पावसाळ्यात खताचा ड्रम सडतो तेव्हा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते कळेल. जानेवारी ते मे ओल्या कचऱ्याचं खत करायचे आपले ड्रम छान चालतात. झाकण उघडलं की पहिल्या सरीनंतर अंगणाला येतो तसा मातीचा वास येतो. जूनच्या मध्यावर पाऊस लागतो आणि तीन आठवड्यांत त्याच ड्रमातून गटाराचा वास यायला लागतो. तळाशी काळं पाणी साठतं, झाकण उचललं की चिलटं तोंडावर येतात, आत अळ्या वळवळत असतात. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी खिडक्या लावून घेतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, ड्रम रिकामे होऊन पालिकेच्या गाडीत जातात. दिवाळीनंतर कुणीतरी पुन्हा उमेदीने सुरुवात करतं. पुढच्या जुलैत परत तेच.

आमच्या चेंबूरच्या १८ घरांच्या इमारतीत हे सलग तीन पावसाळे झालं. चौथ्या वर्षी झालं नाही आणि त्यानंतरही झालेलं नाही. ड्रम तेच आहेत, जागाही तीच आहे, कुठली महागडी पावडरही आणलेली नाही. आमची चूक जुलैत होत नव्हतीच, ती मार्चमध्ये होत होती, एवढं कळायला तीन वर्षं गेली.

वास आत्ता येतोय, आज काय करू?

ज्यांच्या ड्रमाला या क्षणी वास येतोय त्यांनी कारणं नंतर वाचावीत. आधी हे करा.

चार-पाच दिवस त्या ड्रमात नवा कचरा टाकू नका. दुसरा ड्रम असेल तर त्यात टाका, नसेल तर तेवढे दिवस ओला कचरा वेगळा ठेवून पालिकेच्या गाडीला द्या. हातमोजे आणि गमबूट घाला. पार्किंगमध्ये किंवा छपराखाली ताडपत्री पसरून ड्रम पूर्ण उपडा करा. वरचा भाग बहुतेक वेळा बरा निघतो. खरा वास तळाच्या वीतभर काळ्या, बुळबुळीत थराला असतो. तो थर खुरप्याने फोडून पसरा आणि तासभर हवा लागू द्या. या तासाभरात वास सर्वांत जास्त येतो, त्यामुळे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

आता त्यात कोरडं काहीतरी मिसळायचं आहे, आणि थोडंथोडकं नाही. जेवढा ओला ढीग, जवळपास तेवढंच कोरडं. भर जुलैत मुंबईत कोरडा पाला कुठून आणायचा हा रास्त प्रश्न आहे. या वस्तू मात्र पावसातही मिळतात: अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे (वाणी आनंदाने देतो), फाडलेली खोकी, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सुताराकडचा लाकडाचा भुसा, शहाळेवाल्याकडच्या सुकलेल्या शेंड्या, नर्सरीतली कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट. ही वीट पाण्यात भिजवू नका, कोरडीच हातोडीने फोडून घाला, ती भरपूर पाणी पिते. भुसा साध्या लाकडाचा हवा. प्लायवूडच्या भुशात गोंद असतो, तो नको.

ड्रमाची भोकं काडीने मोकळी करा. बुजलेली भोकं हे अर्ध्या ड्रमांचं दुखणं असतं आणि बाहेरून ती उघडीच दिसतात. तळाशी करवंट्यांचे तुकडे आणि बारीक फांद्यांचा वीतभर थर द्या, त्यावर मिसळलेला ढीग सैल भरा. दाबू नका. वर जुन्या तयार खताचा दोन बोटं थर. साधारण दोन दिवसांत वास उतरतो. तिसऱ्या दिवशी सळईने पुन्हा हलवा.

फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा डीडीटी टाकू नका. वास झाकला जातो, पण काम करणारे जीव मरतात आणि आठवड्याने दुप्पट वास येतो. चुनाही नको. चुन्याने त्या ओल्या ढिगातून अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात.

कुजणं वेगळं, सडणं वेगळं

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. शेतकरी चांगलं कुजलेलं शेणखत मागतो, सडलेलं कुणी मागत नाही. भाजी सडते, खत कुजतं. या दोन शब्दांच्या मधे फक्त हवा आहे.

ढिगात हवा खेळती असली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू आणि बुरश्या साली-देठ फोडून खातात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि ऊब निघते, मागे राहते ती काळी, भुसभुशीत माती. हा कार्बन डायऑक्साइड भाजीने काही महिन्यांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे हवेत नवी भर पडत नाही. ढिगात पाणी भरलं की पोकळ्या बुजतात. प्राणवायू संपतो, आणि हवेविना जगणारी दुसरी फौज काम हातात घेते. आधी आम्ल तयार होतात, त्यांचा आंबूस वास येतो. मग हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव.

मिथेनला स्वतःला वास नसतो. पण ज्या गुदमरलेल्या अवस्थेत वासाचे वायू होतात, त्याच अवस्थेत तोही होतो. म्हणून ड्रमाला गटाराचा वास आला की मी तो शेजाऱ्यांची तक्रार एवढाच धरत नाही. मिथेनची सोय झाली, असं समजते. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या आसपास. दिलासा एवढाच की तो हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो. आज सोडायचा थांबवला तर त्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो.

आमच्या रोजच्या ११ किलो ओल्या कचऱ्याने काय फरक पडतो?

मीटिंगमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो विचारणारे काका चुकीचे नाहीत. मुंबईत रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो. तो आता मुख्यत्वे कांजूरमार्गला आणि काही देवनारला जातो. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. त्या ढिगात खाली काय चालत असेल हे पाहायला आपला सडलेला ड्रम पुरे आहे. वरून नव्या कचऱ्याचं ओझं, आत पाणी, हवेला वाट नाही. आपला ड्रम आठवड्यात दुरुस्त होतो, देवनार उपडा करून भुसा मिसळता येत नाही.

२०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा आम्ही इथेच होतो. कचऱ्याच्या पोटातला मिथेन अशा आगींना जळण पुरवतो आणि वर पाणी मारून ती पटकन विझत नाही. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबून बसलो होतो. गोवंडीत, शिवाजीनगरला राहणाऱ्यांना तर दाराबाहेरच ढीग आहे. आपल्या घरातली केळ्याची साल जाते कुठे, याचं उत्तर मला त्या आठवड्यात मिळालं.

आता आकडे. आम्ही महिनाभर वजन केलं: १८ घरांचा ओला कचरा दिवसाला सरासरी ११ किलो, म्हणजे वर्षाला ४ टन. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, आयपीसीसीने, देशांना हिशोब करण्यासाठी दिलेले ठोकताळे लावले तर खोल, उघड्या ढिगात एक टन अन्नकचऱ्यातून कालांतराने सुमारे ४० किलो मिथेन निघतो. ४ टनांचा झाला १६० किलो, आणि २८ ने गुणला की जवळपास साडेचार टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. तोच कचरा कुजवला तर त्याच समितीच्या आकड्यांप्रमाणे टनामागे ४ किलोच्या आसपास मिथेन निघतो, म्हणजे एक दशांश. थोडा नायट्रस ऑक्साइडही निघतो, तोही उष्णता धरणारा वायू आहे, पण तो वजा करूनही वर्षाला पावणेचार टनांच्या आसपास वाचतात. आपल्याकडे एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर पाच हजारांवर युनिटं वाचवल्यासारखं झालं. एवढी वीज आमच्या जिन्याचे दिवे कितीही काळजीने बंद केले तरी वाचत नाही.

पण त्या ४ किलोंच्या आकड्याजवळ थांबा. तो सरासरी आहे. समितीने त्याच्यासोबत पट्टाही दिला आहे: टनामागे ०.०३ किलोपासून ८ किलोंपर्यंत. इतका मोठा फरक पडण्यात ढीग कसा ठेवला जातो याचा मोठा हात असतो. खालच्या टोकाला हवेशीर ढीग, वरच्या टोकाला गुदमरलेला. 'आम्ही खत करतो' एवढ्याने काम होत नाही, ड्रम सडू न देणं हेच खरं काम आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

आणि प्रमाणही लक्षात असू द्यावं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ साली शहराचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन होतं. त्यात सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा, ७२ टक्के. वाहतूक २० टक्के, कचरा ८ टक्के. कचऱ्याने सगळं सुटणार नाही. पण हा ८ टक्क्यांचा भाग असा आहे जिथे आपल्याला वीज कंपनीची किंवा मेट्रोची वाट बघायची नाही. तो आपल्या ओट्यावरच सुरू होतो.

मार्चची बेगमी

आता मूळ दुखण्याकडे. आपल्या आया-आज्या पाऊस लागण्याआधी घरात बेगमी करायच्या. पापड, कुरडया, मसाला, सुके बोंबील, सोडे, चुलीसाठी लाकडं. पावसात ऊन मिळणार नाही हे धरूनच उन्हाळा घालवायचा. खताच्या ड्रमाला तीच शिस्त लागते आणि त्याची बेगमी म्हणजे सुका पालापाचोळा.

भाजीपाल्यात नत्र जास्त, पाणी खूप जास्त. सुक्या पानांत कार्बन जास्त, पाणी नाही. कुजवणाऱ्या जीवांना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग हवे असतात. भाजीची सालं एकटी टाकली तर हे प्रमाण निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात हवा त्या मानाने कोरडी असते, थोडं पाणी उडून जातं आणि आपली चूक खपून जाते. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की ड्रमातलं पाणी उडत नाही. त्यातच आपल्या पालेभाज्या, काकड्या, पडवळ, दुधी. पाणीच पाणी. ते प्यायला आत कोरडं काही नसेल तर पोकळ्या पाण्याने भरणारच.

आमच्या पहिल्या तीन वर्षांत पाला नऊ पोती होता. जुलैच्या दहा तारखेच्या आत संपायचा. संपला की सगळे 'आता पाऊस कमी झाला की बघू' म्हणायचे आणि तिथून ड्रम सडायला लागायचा. मग आम्ही हिशोब केला. दिवसाला ११ किलो म्हणजे साधारण सव्वा बादली ओला कचरा. उन्हाळ्यात एका बादलीला एक बादली चुरलेला पाला पुरतो, पावसात दीड लागतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साडेतीन महिने. आम्हाला दाबून भरलेली ४० पोती लागतात. तुमच्या घरांच्या संख्येने हा आकडा कमीजास्त करा. फक्त घरच्यापुरतं, बाल्कनीत करत असाल तर दोन ते तीन पोती पुरतात.

पाला मुंबईत फुकट मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर वर्षावृक्षाच्या पानांचा सडा पडतो. ही पानं इतकी बारीक असतात की चुरावी लागत नाहीत. आमच्या अनुभवात त्यांच्यासारखा पाला नाही. सोनमोहर आणि गुलमोहरही छान. बदामाची, फणसाची, आंब्याची पानं जाड आणि चिवट. ती तशीच टाकली तर एकावर एक चिकटून ताटलीसारखा थर करतात आणि उलट हवा अडवतात. ती पोत्यात भरून पायांनी तुडवा, चांगला चुरा होतो. मुलं हे काम फार आवडीने करतात. पावसाळ्याआधी पालिका झाडांच्या फांद्या छाटते तेव्हा मुकादमांना विनंती केली तर बारीक काटक्याही मिळतात, त्या तळाच्या थराला लागतात.

रस्ता झाडणाऱ्या मावशींशी बोलून घ्या. हा पाला भरून उचलून नेणं हे त्यांच्यावरचं ओझंच असतं, आणि काही ठिकाणी तो कोपऱ्यात पेटवून दिला जातो. त्या धुराने हवाही बिघडते आणि आपली बेगमीही जळते. आम्ही आठवड्यातून दोनदा रिकामी पोती देतो आणि भरलेली स्वतः उचलून आणतो. मावशींना चहा आणि महिन्याला ठरलेले पैसे देतो. त्यांचं काम हलकं झालं तरी त्यांच्या वेळेचा मोबदला द्यायलाच हवा असं आमच्या कमिटीत ठरलं.

दुसरी सोय म्हणजे उसाची चिपाडं. एप्रिल-मेमध्ये रसवाल्याकडे ढिगाने पडलेली असतात. मुंबईत गच्चीवरच्या शेतीचा पाया घालणाऱ्या डॉ. आर. टी. दोशी यांनी याच चिपाडांवर आपली पद्धत उभी केली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली, तीही पालापाचोळ्याला सोन्याचा भाव देऊनच. चिपाडं मात्र उन्हात कडकडीत वाळवून, कोयत्याने तोडून मग भरा. ओली भरली तर पोत्यातच आंबतात आणि मुंग्या लागतात.

साठवण कुठे करायची यावर आमच्याकडे फार वाद झाले. जिन्याखाली आगीची भीती, ती रास्तच आहे. मीटरच्या खोलीजवळ पाला ठेवूच नका. शेवटी आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची जागा घेतली. खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री, बाजू मोकळ्या. तागाची पोती चांगली, प्लास्टिकच्या पोत्यात आत घाम धरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, एकदा सगळी पोती उन्हात उघडून घ्यायची.

मुटका वळून बघा

ओलावा बरोबर आहे का हे बघायला यंत्र नको. ड्रमाच्या मधला मूठभर ऐवज घ्या आणि बेसनाचा लाडू वळतो तसा मुटका वळा. मुटका वळला, बोटांमधून एखाददुसरा थेंब आला आणि टिचकी मारल्यावर फुटला, तर उत्तम. पाणी गळलं तर पाला घाला. मुटका वळलाच नाही तर कोरडं आहे, पाणी शिंपडा. मे महिन्यात 'काहीच होत नाही, पानं तशीच आहेत' ही तक्रार असते ती या कोरडेपणाचीच असते.

वासावरूनही कळतं. गटार किंवा सडकं अंडं: हवा नाही, उपसून हलवा आणि पाला मिसळा. आंबूस, ताडीसारखा: शिजलेलं अन्न किंवा गोड फळं एकदम जास्त पडली. आंब्याच्या मोसमात हे हमखास होतं. नाकाला झोंबणारा: नत्र जास्त आणि कार्बन कमी, अशा वेळी भुसा किंवा पुठ्ठा घाला. हा तिसरा वास आला की खतातलं नत्रच हवेत उडून चाललेलं असतं, थोडं अमोनिया होऊन, थोडं त्या नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने.

पावसात लोक आणखी एक गोष्ट करतात. पाणी जाऊ नये म्हणून ड्रमाला प्लास्टिक गच्च गुंडाळतात. पाऊस अडवायचा तो वरून, छपराने. बाजूंना हवा लागलीच पाहिजे. ड्रम विटांवर चढवा, खाली पाणी धरायला घमेलं ठेवा. हे खताचं पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून झाडांना घालता येतं, पण सडक्या वासाचं असेल तर घालू नका.

अळ्या, चिलटं, उंदीर

चिलटं फळांच्या सालींवर येतात. रोजचा कचरा टाकल्यावर वर दोन बोटं पाला पसरला की चिलटं राहत नाहीत. नुसती साल उघडी दिसता कामा नये, एवढा एकच नियम आम्ही झाकणावर रंगवून ठेवला आहे.

अळ्यांबद्दल घाबरगुंडी जास्त असते. चपट्या, करड्या-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांना मारू नका. त्या फार वाढल्या असतील तर ढीग ओला झाला आहे एवढाच निरोप समजा. पांढऱ्या, बारीक, टोकदार अळ्या असतील तर त्या घरमाशीच्या. म्हणजे कचरा उघडा पडतोय. त्या ड्रमात पाला मिसळून, उलटापालटा करून, वर जुन्या खताचा जाड थर द्या.

उंदीर-घुशींचं मात्र हलक्यात घेऊ नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. ड्रमाच्या भोकांना आतून पाव इंचाची लोखंडी जाळी लावा. मासळीची खवलं, कोळंबीची टरफलं, मटणाची हाडं, तेलकट भाजी सोसायटीच्या साध्या ड्रमात नको. पायाला जखम असेल तर ड्रमाकडे जाऊ नका.

मासळी आणि शिजलेलं अन्न जिथे जास्त निघतं, अशा खानावळींसाठी आणि मोठ्या वसाहतींसाठी बायोगॅस हा चांगला मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प असाच आहे. तिथेही मिथेनच तयार होतो, पण बंद टाकीत, आणि तो चुलीत जाळला जातो.

कचऱ्यात काय येतं ते बघा

दुधाच्या पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा. हा आमचा सर्वांत मोठा शत्रू. तो सालींबरोबर जातो आणि दोन वर्षांनी कुंडीत सापडतो. पिशवी पूर्ण न कापता चीर द्या, कोपरा पिशवीलाच राहू द्या. त्याखालोखाल हारांचे दोरे, बेगड, फळांवरचे स्टिकर, चहाच्या पुड्यांच्या पिना. 'विघटनशील' छापलेल्या पिशव्याही ड्रमात टाकू नका, त्यातल्या बऱ्याचशा फक्त मोठ्या प्रकल्पांच्या तापमानातच विरतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे, कागदात गुंडाळून, वर खूण करून द्यायचे. ते ओल्या कचऱ्यात आले तर ते हाताने वेचावे लागतात, आणि वेचणारी बाई आपल्यासारखीच कुणाची तरी आई असते. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी 'परिसर विकास' हा उपक्रम चालवला. खत करण्याचं शिक्षण घेतलेल्या अशा बायका मिळाल्या तर ड्रम सांभाळायचं काम त्यांना द्या. ड्रमाकडे बघून त्यांना जे कळतं ते आम्हाला वर्षानुवर्षं कळत नव्हतं.

गणपतीत निर्माल्य एकदम येतं, तेही पावसाळ्याच्या शेवटी, पाला संपत आला असताना. आम्ही ४० पैकी सहा पोती त्या दहा दिवसांसाठी बाजूला ठेवतो. दूर्वा आणि पत्री कात्रीने बारीक केल्या की लवकर कुजतात, केवड्याची पानं मात्र महिने घेतात.

विरजणाबद्दल पुष्कळ जण विचारतात. बाजारात कल्चरच्या पुड्या मिळतात, वाईट नाहीत, पण दरवेळी घ्यायची गरज नाही. मागच्या ड्रमातलं दोन ओंजळी खत हेच पुढच्याचं विरजण. पहिल्यांदाच करत असाल तर थोडं शेण किंवा आंबट ताक चालतं.

आणि तयार खत भर पावसात चाळू नका. ओलं खत चाळणीला चिकटतं आणि चिखल होतो. ड्रम भरला की त्यावर तारीख लिहा, झाकून बाजूला ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा हलवा. नवरात्र उलटून ऊन पडलं की गच्चीवर पसरून चाळा. वर राहिलेल्या कोयी, करवंट्या आणि काटक्या पुढच्या ड्रमाच्या तळाला जातात.